उजवे आटे

पंडित सोनवणे यांच्या लेथचं एक हँडल उलटं चालायचं. लेथवर लोखंडाचा तुकडा चकच्या पकडीत धरून गरगर फिरवतात आणि त्याला धारदार टूल लावून हव्या त्या मापाचा गोल भाग काढतात. टूल पुढं-मागं करायला समोर एक हँडल असतं. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की टूल आत, कामाकडे जातं. विरुद्ध फिरवलं की बाहेर येतं. सुरतेत, उधन्यात, कुठंही जा, हेच. पंडितभाऊंच्या लेथवर घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की टूल बाहेर यायचं. विरुद्ध फिरवलं की आत घुसायचं.

"हे असं का?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "कारण मशीन माझं आहे."

डिंडोलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. सोसायटीतले बहुतेक लोक जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे. कुणी लूमवर, कुणी डाइंगमध्ये, कुणी घरातच भरतकामाचं मशीन टाकलेलं. दिवसभर गल्लीत कसला ना कसला खडखडाट चालू असायचा आणि तो बंद पडला तरच लोक दारात येऊन बघायचे. पंडितभाऊंच्या पुढच्या खोलीत लेथ होता. छोटा, टेबलावर बसवता येईल असा, एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून घेतलेला. सोनवणे कुटुंब मागच्या खोलीत राहायचं. पाहुणे आले की ते लेथजवळच्या पलंगावर बसायचे आणि उठताना कपडे झटकायचे, कारण लोखंडाचा कीस सगळीकडे असायचा. सुमनताई, म्हणजे त्यांची पत्नी, पोळ्यांचं पीठ चाळताना चाळणीत आधी लोहचुंबक फिरवायच्या. आम्हाला ते गमतीचं वाटायचं. त्यांना वाटत नसे.

पंडितभाऊ मूळचे चोपड्याकडचे. उंची बेताची, खांदे रुंद, आणि डोळे कायम अर्धे मिटलेले, जणू समोरच्या माणसाचं माप चालू आहे. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायचे. हात मऊ दिसले की बोलण्यातला अर्धा रस संपायचा. माझे हात पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बँकेत का?" पेपरमध्ये आहे म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच्या कामाचं बोलायचं काम." तेव्हापासून ते मला "पत्रकार" अशीच हाक मारायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचं माप मला कधी घेता आलं नाही.

त्यांच्या नावानं गिऱ्हाइकांचा गोंधळ व्हायचा. एकदा एक गुजराती गृहस्थ नव्या मशीनची पूजा करायची म्हणून त्यांच्याकडे आले. "पंडितजी, मुहूर्त काढी आपो ने," ते म्हणाले. पंडितभाऊंनी हातातला जॉब, म्हणजे चालू कामाचा तुकडा, खाली ठेवला, मशीन कुठलं, मोटर किती ताकदीची, पाया काँक्रीटचा की लाकडी, हे सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, "पाया सुकला की चालू करा. तोच मुहूर्त." गृहस्थ दक्षिणा काढायला लागले. यांनी ती घेतलीसुद्धा. ही गोष्ट ते स्वतः सांगायचे आणि सांगताना हसायचे. त्यांना हसताना मी पाहिलं ते बहुतेक याच गोष्टीला.

आधी ते एका लूमच्या कारखान्यात फिटर होते. तिथं त्यांनी धागा तुटला की लूम लगेच थांबावा म्हणून एक जोड बनवला होता. भंगारातल्या पट्टीपासून केलेला, पण चालायचा. मालक खूश झाला. म्हणाला, हाताखालच्या माणसालाही शिकव, सगळ्या लूमना बसवून घेऊ. पंडितभाऊंनी शिकवलं. सगळ्या लूमना जोड बसले, आणि मग मालकाच्या लक्षात आलं की हाताखालचा माणूस कमी पगारात तेच काम करतो. पंडितभाऊ नोकरी सुटून घरी आले. त्या दिवसापासून त्यांचं एक वाक्य ठरलं: "हात दाखवला की भाकर गेली." ते ही म्हण असल्यासारखं बोलायचे. मी ती दुसरीकडे कुठं ऐकलेली नाही.

लेथ घेतला तेव्हा तो अगदी साधा होता. मोटर, पट्टा, वेग बदलायला पायऱ्यापायऱ्यांची पुली. पंडितभाऊंना तो तसा एक महिनाही सहन झाला नाही. बंद पडलेल्या जिममधल्या धावायच्या मशीनची मोटर भंगारवाल्याकडून आणून त्यांनी ती लेथला लावली. आता पट्टा बदलायची गरज उरली नाही, एक बटण फिरवलं की वेग कमी-जास्त. टेम्पोच्या वायपरची मोटर लावून टूल आपोआप सरकायची सोय केली. माप घ्यायच्या स्वस्तातल्या डिजिटल कॅलिपरचे जबडे करवतीनं कापून त्याची पट्टी स्लाइडला जोडली, म्हणजे टूल किती सरकलं ते आकड्यात दिसायला लागलं. टूल धरायचा ठोकळा त्यांनी स्वतः कोरून काढला, चावी अर्धी फिरवली की टूल निघायचं. या सगळ्याला पैसे फार लागत नव्हते. वेळ लागायचा, आणि घरातल्या वस्तू लागायच्या.

सुमनताई ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. त्यांच्या शिलाई मशीनला मोटर होती आणि पायाखाली एक पेडल. एका सकाळी ते पेडल लेथखाली दिसलं. दोन्ही हात कामात असताना मशीन थांबवायला पाय मोकळा असतो, असं पंडितभाऊंचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. सुमनताईंनी पुन्हा हातानं चाक फिरवून शिवायला सुरुवात केली. आमच्या घरी वाटी परत द्यायला आल्या तेव्हा माझ्या पत्नीला म्हणाल्या, "मन्हा पायच काढी लिधा यास्नी." त्या घरी अहिराणीच बोलायच्या. बोलताना त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"नवीन आणून देतील ना," माझी पत्नी म्हणाली.

"आनतीन," त्या म्हणाल्या. "लेथले लागनं म्हंजे आनतीन."

पेडल आलं नाही.

मी एकदा आमच्या पेपरच्या पुरवणीसाठी त्यांच्या लेथवर लहानसा मजकूर लिहिला. फोटोग्राफर आला तेव्हा खोलीत उजेड कमी होता, म्हणून त्यांची मुलगी वैशाली दिवा धरून उभी राहिली. ती तेव्हा आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथ चालवायचा, कोर्स करत होती. फोटोग्राफर म्हणाला, दोघं एकत्र छान दिसतील, बाप-लेक. पंडितभाऊ म्हणाले, "तिला बाहेर काढा. तिचं काय आहे यात?" वैशालीनं दिवा स्टुलावर ठेवला आणि आत गेली. छापलेल्या फोटोत पंडितभाऊ आहेत, लेथ आहे, आणि मजकुरात त्यांच्या तोंडचं वाक्य आहे की हे सगळं त्यांनी एकट्यानं केलं. ते खरंच होतं. वैशालीला त्यांनी काही करू दिलेलंच नव्हतं.

तिला लेथ हवा होता. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती आणि ती तिनं कधी लपवली नाही. टर्नरचा कोर्स तिनं त्यासाठीच घेतला होता. कोर्स संपल्यावर पांडेसऱ्यातल्या एका कारखान्यात काम मिळालं, पण मशीनवर नाही. तयार माल मोजायच्या टेबलावर. सुपरवायझर म्हणाला, मुलींचा हात मापाला चांगला असतो. ती दिवसभर दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायची आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांच्या मशीनकडे बघत जेवायची. पंडितभाऊ तिला कीस झाडू द्यायचे, तेल घालू द्यायचे, जॉब पुसू द्यायचे. हँडलला हात लागला की, "हाई मन्ही मशीन शे." एवढंच. चोपड्याकडच्या एका स्थळाची बोलणी त्यांनी चालवली होती, ती वैशालीनं दोनदा मोडली.

"मशीनशी लग्न करशील का?" ते म्हणाले.

"तुम्ही केलंच आहे ना," ती म्हणाली. "आईला विचारा कसं असतं ते."

उलट्या हँडलची गोष्ट वैशाली आयटीआयमध्ये असतानाची. टूल पुढं-मागं नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा जुना स्क्रू झिजला होता. हँडल थोडं फिरायचं आणि टूल जागचं हलायचं नाही, नंतर एकदम सरकायचं. याला कारागीर 'खेळ' म्हणतात. पंडितभाऊंनी नवा स्क्रू आणि त्याचा नट स्वतः बनवायचं ठरवलं. हे सोपं काम नाही. लांब, बारीक स्क्रूला आटे पाडताना तो मधेच वाकतो. त्यांनी त्यासाठी आधी वेगळा आधार बनवला, दोन स्क्रू वाया घालवले, तिसरा साधला. ज्या रविवारी तो बसवला, त्या दिवशी मी तिथं होतो. कॅलिपरचा आकडा हवा तिथं थांबत होता. खेळ गेला होता. पंडितभाऊंनी हात पुसले आणि पहिल्यांदाच, स्वतःहून, वैशालीला म्हणाले, "फिरवून बघ."

तिनं हँडल फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं.

"पप्पा, ये तो उल्टा है," ती म्हणाली. घाईत ती हिंदीत बोलायची. "टूल बाहेर येतंय. याला डावे आटे लागतात. तुम्ही उजवे पाडलेत."

हे समजून घ्यायला फार यंत्रज्ञान लागत नाही. बाटलीच्या झाकणाला असतात ते उजवे आटे. या एका स्क्रूला मात्र डावे पाडतात, म्हणजे हँडल हाताच्या सवयीप्रमाणे चालतं. जुना स्क्रू समोर होता. पंडितभाऊंनी त्यावरून जाडी मोजली, आट्यांमधलं अंतर मोजलं, दिशा बघितली नाही. सुरतेतल्या कुठल्याही टर्नरकडून होऊ शकेल अशी चूक. पुन्हा एक स्क्रू करायचा, की संपलं.

पंडितभाऊ पुढं झाले. स्वतः हँडल फिरवून पाहिलं. त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. मग म्हणाले, "मला माहीत आहे. मी मुद्दाम तसं केलंय."

"मुद्दाम?"

"दुसऱ्या कुणी हात लावला तर कळलं पाहिजे."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप बघत होतो. सुमनताई दारातून म्हणाल्या, "करी ल्या ना परत. कोन हासाव शे?" हसणारं कुणीच नव्हतं. तरीही तो स्क्रू तसाच राहिला.

पुढचे काही आठवडे त्यांच्याच हातानं जॉब बिघडले. टूल मागं घ्यायला जायचे आणि ते आत घुसायचं. भिंतीपलीकडून शिवी ऐकू यायची. मग हाताला सवय झाली, आणि चूक हा नियम झाला. नंतर तर ते त्या चुकीचं श्रेयही घ्यायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हे मशीन चोरून नेलं तरी चोराच्या कामाचं नाही."

रमेशभाई हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. भरतकामाच्या मशीनचं युनिट होतं त्यांचं, गोडादऱ्याच्या बाजूला. त्यांना पितळी बुश, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या नळ्या, सतत लागायचे आणि पंडितभाऊंचा माल चांगला असायचा, पण वेळेवर कधीच मिळायचा नाही. कारण अर्धा वेळ मशीन सुधारण्यातच जायचा. गिऱ्हाइकाचे बुश अर्धवट ठेवून ते लेथसाठीच काहीतरी लेथवर करत बसायचे. एके दिवशी रमेशभाई स्कूटरवरून न उतरताच म्हणाले, "पंडितभाई, छोकरीने बेसाडो ने मशीन पर. बे पाळी चाले, तो हूं बीजे शुं करवा जाऊं?" मुलगी मशीनवर बसली, दोन पाळ्या चालल्या, तर सगळं काम ते इथंच देणार होते.

वैशाली आतून बाहेर आली होती. सुमनताईसुद्धा.

पंडितभाऊंनी चकमधला कीस फुंकून काढला. मग म्हणाले, "ठीक. तिनं तुमच्यासमोर एक बुश काढून दाखवावा."

मी त्या दिवशी सुट्टीवर होतो आणि आवाज ऐकून तिथं गेलो. वैशालीनं ओढणी कमरेला खोचली, केस बांधले, पितळेचा तुकडा चकमध्ये धरला. हँडल उलटं आहे हे तिला सगळ्यात आधी माहीत होतं. ती प्रत्येक वेळी क्षणभर थांबून, मनाशी ठरवून हँडल फिरवत होती. काम हळू चाललं होतं, पण नीट चाललं होतं. पितळेचा पिवळा कीस भुरभुर खाली पडत होता. रमेशभाई स्टुलावर बसून, मान वाकडी करून बघत होते. "सरस," ते दोनदा म्हणाले. शेवटचा हात राहिला होता. टूल अगदी अलगद जॉबवरून सरकत होतं.

पंडितभाऊ तिच्या मागं उभे होते. ते एकदम ओरडले, "मागं घे!"

तसं ओरडण्याचं कारण मला दिसलं नव्हतं. रमेशभाईंनाही दिसलं नव्हतं, त्यांनी नंतर मला तसं सांगितलं. वैशालीचा हात आयटीआयमध्ये शिकला होता तसा, घड्याळाच्या विरुद्ध, फिरला. टूल जॉबमध्ये घुसलं. एक कर्कश आवाज झाला, बुश चकमधून उडून भिंतीला लागला आणि टूलचं टोक तुटलं. पंडितभाऊंनी शांतपणे हात पुढं करून मशीन बंद केलं.

"बघितलं?" ते रमेशभाईंना म्हणाले. "मशीनला हात कळतो."

वैशालीच्या मनगटावर कीस उडून बारीक रक्त आलं होतं. ती म्हणाली, "मशीनला नाही कळत, पप्पा. तुम्हाला कळतं."

"जा," ते म्हणाले. "रमेशभाईंना चहा ठेव."

रमेशभाई चहा न घेता गेले. वैशाली स्वयंपाकघरात गेली नाही. ती रस्त्यानं सरळ चालत निघाली आणि बऱ्याच वेळानं परत आली. सुमनताईंनी भिंतीवरचा पितळेचा ओरखडा पुसायचा प्रयत्न केला, तो गेला नाही.

त्याच आठवड्यात पंडितभाऊंनी लेथला शेवटची सुधारणा केली. सोन्याचांदीच्या दुकानाच्या दाराला चोरासाठी बसवतात तसला चुंबकावर चालणारा स्विच त्यांनी मिळवला आणि लेथच्या पत्र्याआड कुठंतरी लपवला. आता बटण दाबून मशीन चालू होत नव्हतं. जुन्या स्पीकरमधल्या चुंबकाचा तुकडा पत्र्यावर नेमक्या जागी, नेमक्या कोनात टेकवला तरच वीज पुढं जायची. वायरींची सगळी पेटी त्यांनी इपॉक्सी ओतून दगडासारखी बंद केली. चुंबक सदऱ्याच्या खिशात. मला त्यांनी तो दाखवला. जागा दाखवली नाही.

"आता विश्वकर्मा आला तरी चालू होणार नाही," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला काही झालं तर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "मला काय होतंय?"

ते झालं एका दुपारी, जेवताना. घास तोंडाकडे नेताना हात अर्ध्यात थांबला आणि ताटात पडला. सरकारी दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणंही. दोन-चार अस्पष्ट शब्द यायचे, कधी तेही नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं की समजतं सगळं. डावा हात चालत होता. त्या हातानं ते चादर ओढायचे, भाजीतली मिरची बाजूला काढायचे, टीव्हीचा आवाज कमी करा अशी खूण करायचे. त्यांचा पलंग पुढच्या खोलीतच होता, लेथला लागून. दुसरी जागा नव्हती.

घरात आता एकच पगार होता आणि त्यातून औषधं होत नव्हती. रमेशभाई भेटायला आले आणि जाताना उंबऱ्यात वैशालीला म्हणाले, बुशचं काम अजून आहे, मशीन चालू झालं तर मला सांग. वैशालीनं चुंबक सदऱ्याच्या खिशातून काढला. पत्र्यावर हात पोचेल तिथं टेकवून पाहिला, मशीन चालू झालं नाही. ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं पेटी बघितली, इपॉक्सीवर स्क्रूड्रायव्हर ठोकून पाहिला आणि म्हणाला, "बहन, ये खोलेंगे तो सब टूटेगा."

मग तिनं वडिलांना विचारलं. मी तिथं होतो, आणि नसतो तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "पप्पा, जागा दाखवा," ती म्हणाली. "बोलू नका. फक्त बोट करा." त्यांना दोघींनी मिळून लेथसमोर खुर्चीत बसवलं, मांडीवर चादर घातली. तिनं चुंबक त्यांच्या डाव्या हातात दिला. हात पत्र्यापासून वीतभर अंतरावर होता.

पंडितभाऊंनी लेथकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी हातांकडे नाही, तोंडाकडे. मग त्यांनी मूठ मिटली आणि चादरीखाली घेतली.

"तिले द्या ना हो," सुमनताई म्हणाल्या. "आपलीच पोर शे." त्या खाली बसल्या आणि चादरीखालून ती मूठ सोडवायला लागल्या. एकेक बोट. त्या हातात अजून ताकद होती. वैशालीनं आईला खांद्याला धरून उठवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला नको."

पुढच्या रविवारी तिनं लेथ उघडला. आधी धावायच्या मशीनची मोटर उतरवली. मग वायपरची मोटर, कॅलिपरची पट्टी, इपॉक्सीची पेटी, शिलाई मशीनचं पेडल. प्रत्येक गोष्ट नीट स्क्रू काढून उतरवली, एकही तोडली नाही, आणि पलंगाच्या पायथ्याशी वर्तमानपत्रावर मांडत गेली. साधी जुनी मोटर पलंगाखालीच होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. पंडितभाऊंनी आयुष्यात काही फेकलं नव्हतं. जुना झिजलेला स्क्रूही त्याच्या नटासकट तेलाच्या डब्यात सापडला. तिनं तो बसवला. खेळ पूर्वीइतकाच होता. दिशा बरोबर होती.

हे सगळं चाललं असताना पंडितभाऊ पलंगावर जागे होते. एकेक वस्तू उतरताना ते बघत होते. शेवटी त्यांचा स्क्रू बाहेर आला, तो तिनं फडक्यानं पुसून त्यांच्या उशाशी ठेवला. तो खरोखर फार चांगला झाला होता, इतका लांब आणि सरळ. त्यांनी डाव्या हातानं तो ढकलून खाली पाडला.

पट्टा ओढून मशीन चालू झालं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या खुणा चालू होत्या: मला इथून हलवा. मागची खोली त्यांना नको होती. त्यांना बाहेर जायचं होतं. तेव्हापासून रोज सकाळी त्यांना ओट्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, घराकडे पाठ करून दोघी बसवायला लागल्या.

मी डिंडोली सोडून दुसरीकडे राहायला गेलो, त्यामुळं पुढचं फार पाहिलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्या बाजूला काम होतं म्हणून गेलो. पंडितभाऊ ओट्यावर बसले होते, केस पांढरे, स्वेटर घातलेला. आत लेथ चालू होता. पण त्या गल्लीत काही ना काही चालूच असतं, बाहेरून आवाज कुठल्या घरातला ते कळत नाही. मी रस्ता ओलांडत असताना एक मोपेडवाला त्यांच्यासमोर थांबला. पायाशी पिशवी, त्यात लोखंडाचे तुकडे. नवखा दिसत होता.

"काका, लेथनुं काम अहीं थाय छे?" त्यानं विचारलं. इथं लेथचं काम होतं का?

पंडितभाऊंनी मान हलवली. नाही.

"बंद छे?"

त्यांनी पुन्हा मान हलवली, या वेळी होकारार्थी. मोपेडवाला पुढं गेला.

मी आत जाऊन वैशालीला सांगितलं. तिनं जॉबवरची नजर काढली नाही. तिच्या हाताखाली रमेशभाईंचे बुश होते, तयार झालेले एका ताटात. "रोजचंच आहे, काका," ती म्हणाली. "सकाळी एक, दुपारी एक. जुनी गिऱ्हाइकं सरळ आत येतात. नव्यांसाठी बाहेर भिंतीवर मोबाइल नंबर रंगवून घेतलाय. ज्याला काम असेल तो फोन करेल."

"मग येतात का फोन?"

"कमी येतात," ती म्हणाली. "का ते कळत नाही."

सुमनताईंनी चहा दिला. त्या शिवत बसल्या होत्या, पायाखाली पेडल होतं. थोडा वेळ बसून मी उठलो.

बाहेर आल्यावर मी भिंतीकडे पाहिलं. "लेथ काम" अशी निळी अक्षरं होती, गुजरातीत आणि मराठीत, आणि खाली नंबर. पंडितभाऊंची खुर्ची भिंतीला टेकवलेली होती. नंबरचे शेवटचे आकडे त्यांच्या डोक्यामागे होते. मी थोडा डावीकडे सरकलो, मग उजवीकडे. कुठूनही ते आकडे दिसत नव्हते. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. पण त्यांनी डोकं जराही हलवलं नाही.